मे महिन्यात मनाऊसला जाताय? मग तो भुंगेरा तुमच्या बोटीखाली असेल

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे कामानिमित्त मे-जूनमध्ये पाच आठवडे ब्राझीलमध्ये, अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या मनाऊसला असणार आहेत. नदीकाठच्या वाळूत राहणारा, रात्री हिंडणारा ‘फेऑक्झान्था क्लुगी’ हा टायगर बीटल, म्हणजे एक शिकारी भुंगेरा, त्यांना बघायचाय. तो नक्की कुठे सापडतो, त्याची अळी महिनोन्‌महिने पाण्याखाली जिवंत राहते हे खरं की इंटरनेटवरची थाप, सोबत काय काय न्यावं, आणि हा प्राणी धोक्यात आहे का, असे चार प्रश्न आहेत.

मातीतले किडे हे माझं कामच आहे आणि मनाऊसजवळच्या पूरमैदानात मी उतरत्या पाण्याचे दोन हंगाम काढले आहेत, म्हणून जरा लांबलचक उत्तर देतो. पहिल्यांदा वाईट बातमी: मे-जूनमध्ये तो दिसणार नाही. मनाऊसला नदी साधारण जूनमध्ये सगळ्यात वर असते. तुम्ही ज्या ठिकाणी त्याला शोधायला जाल तिथे त्या वेळी बोट चालत असेल, आणि अळ्या त्या बोटीखाली काही मीटर पाणी, त्याखाली गाळ, आणि त्या गाळात बसलेल्या असतील. जाणं पुढे ढकलता येत असेल तर सप्टेंबर ते नोव्हेंबर हा काळ बघा.

‘कुठे सापडतो’ हा प्रश्न मला नेहमी अर्धवट वाटतो. नकाशावर बोट ठेवून जागा दाखवता येईल, पण ती जागा वर्षातले काही महिने जमीन असते आणि उरलेले महिने नदीचा तळ. मनाऊसला नदीच्या पातळीत वर्षाकाठी सरासरी दहा मीटरचा चढउतार होतो. तीन मजली इमारतीएवढं पाणी दरवर्षी येतं आणि जातं. तिथल्या बंदराचा धक्काच त्यामुळे तरंगता आहे. बंदराच्या भिंतीवर वर्षावर्षाच्या महापुराच्या पातळ्या रंगवलेल्या आहेत, त्या आधी बघून घ्या. तिथल्या पातळीच्या नोंदी 1902 पासूनच्या आहेत. 2021 च्या जूनमध्ये पाणी 30.02 मीटरवर गेलं, तोवरचा उच्चांक. दोनच वर्षांनी, 2023 च्या ऑक्टोबरमध्ये ते 12.70 मीटरपर्यंत उतरलं, तोवरचा नीचांक. आणि पुढच्या वर्षी त्याच्याही खाली गेलं.

मनाऊसजवळ दोन नद्या मिळतात. अँडीजमधून गाळ घेऊन येणारी सोलिमोएस, म्हणजे ब्राझीलमध्ये तिथवरच्या अ‍ॅमेझॉनचंच नाव, ही आपल्या दुधाच्या चहासारखी दिसते. रिओ नेग्रो कोऱ्या चहासारखी. दोन्ही पाणी काही किलोमीटर शेजारी शेजारी वाहतात, मिसळत नाहीत. पर्यटकांना तिथे नेतातच, तुम्हालाही नेतील. दुधाच्या चहाच्या नदीने बुडणाऱ्या सुपीक जमिनीला तिकडे ‘वार्झेया’ म्हणतात, कोऱ्या चहाच्या नदीने बुडणाऱ्या निकस जंगलाला ‘इगापो’. आपला भुंगेरा वार्झेयाचा. त्यातही झाडांखालचा नव्हे, तर उघड्या वाळूचा आणि बारीक गाळाचा. सोलिमोएसमधलं मार्शांतारिया नावाचं बेट मनाऊसपासून फार लांब नाही. ब्राझीलची ‘इंपा’ ही अ‍ॅमेझॉन संशोधन संस्था आणि जर्मनीची माक्स प्लांक संस्था यांनी मिळून वार्झेयाचा अभ्यास तिथे कितीतरी वर्षं केला. कुठून सुरुवात करावी असं कोणी विचारलं तर मी अशाच बेटांच्या काठाचं नाव घेतो.

पाणी उतरलं की जे उघडं पडतं त्याला वाळवंट हाच शब्द बरोबर. चंद्रभागेचं वाळवंट म्हणतो त्या अर्थाने. आणि तिथले नदीकाठचे लोक त्यावर जे करतात त्यालाही आपल्याकडे नेमका शब्द आहे: गाळपेर. उजनीचं पाणी उतरलं की काठावर जशी पेरणी होते, तशी तिथे घेवडा, कलिंगड, कसावा लावतात. एकेकाळी याच जमिनीवर ताग होता. 1930 च्या दशकात जपानी वसाहतकऱ्यांनी तो भारतातून नेला. म्हणजे आपल्या बंगालचा ताग या भुंगेऱ्याच्या शेजारी काही दशकं नांदला आहे. असो.

आता हा प्राणी. फेऑक्झान्था या नावात ग्रीकमधले करडा आणि पिवळा हे दोन रंग आहेत. क्लुगी हे बर्लिनचे कीटकतज्ज्ञ क्लुग यांच्यावरून. अंगाने बोटाच्या पेराएवढा, फिकट पिवळसर-तपकिरी, पाठीवर गडद डाग. ओल्या वाळूवर ठेवला तर उठून दिसतो, कोरड्या वाळूवर नजरेआड होतो. पाय लांब आणि बारीक. जबडे विळ्यासारखे, एकमेकांवर चढणारे, आतून दातेरी. सापडलेलं भक्ष्य तो चावून चावून त्यावर पाचकरस सोडतो आणि पातळ झालेलं शोषून घेतो. मागे राहते ती चोथ्याची गोळी. हातात धरलात तर बोट चावेल, आणि या कुळातल्या अनेकांना असतो तसा कडू बदामासारखा वास बोटाला येईल.

जुनं लिखाण शोधाल तर हाच प्राणी ‘मेगासेफाला’ या वंशनावाखालीही सापडेल. आधी फेऑक्झान्था, टेट्राचा वगैरे सगळ्यांना त्या एका मोठ्या पिशवीत टाकलं जायचं. आणखी एक गोंधळ कुळाचा. टायगर बीटल हे ग्राउंड बीटलचं उपकुळ की स्वतंत्र कुळ, यावर फार वर्षं वाद होता. 2020 मध्ये ड्युरान आणि गॉफ यांनी डीएनएच्या आधारावर त्यांना स्वतंत्र कुळ मानावं असं मांडलं, आणि मलाही ते पटतं. मात्र शोधताना दोन्ही नावं टाकून बघा, नाहीतर निम्मं हाती लागणार नाही.

दिवसा दिसणारे टायगर बीटल तुम्ही आपल्याकडच्या नदीकाठी पाहिले असतील: पळतात, थबकतात, पुन्हा पळतात. कॉर्नेल विद्यापीठातल्या कोल गिल्बर्ट यांनी 1997 मध्ये त्या थबकण्याचं कारण दाखवलं. इतक्या वेगात त्यांच्या डोळ्यांना भक्ष्याची प्रतिमाच धड मिळत नाही, म्हणून थांबून पुन्हा नेम धरावा लागतो. क्लुगीची चाल वेगळी. मी पाहिलेले तरी मिशा पुढे धरून, वाळू चाचपत, बऱ्यापैकी सरळ चालत जाणारे होते. अंधारात डोळ्यांवर किती भरवसा ठेवणार? दिवसभर तो वाळूत पुरून घेतो. ऑक्टोबरच्या दुपारी त्या वाळूवर अनवाणी पाय ठेवून बघा, दिवसा बाहेर न येण्याचं एक कारण तळव्याला लगेच कळेल. शिवाय पक्षी आणि सरडे.

एक सांगतो, कारण यावर गैरसमज आहे. निशाचर टायगर बीटल म्हणजे काहीतरी अपवाद, असं लोक समजतात, कारण फोटो दिवसाच्या चमकदार जातींचे असतात. दक्षिण अमेरिकेत रात्रीचे कितीतरी आहेत. दिव्यावर येणारे धातुई हिरवे, पंखांच्या टोकाला फिकट कोर असलेले टेट्राचा. ओढ्याकाठच्या दगडांतले ऑक्सिकायला. डहाळ्यांवर चढणारे मुंगीसारखे क्टेनोस्टोमा. हॉटेलच्या दिव्याखाली हिरवा चमकणारा सापडला आणि कोणी ‘हाच तो’ म्हणालं, तर विश्वास ठेवू नका. तो टेट्राचा.

आता तुमच्या थापेच्या शंकेकडे. थाप नाही.

आपण बघतो तो भुंगेरा म्हणजे या जिवाच्या आयुष्यातलं शेवटचं छोटं प्रकरण. बहुतेक आयुष्य अळीचं. मादी वाळूत अंडं घालते, अळी निघते, जिथे निघाली तिथेच उभं बीळ खणते आणि मोठी होत जाईल तसं ते रुंद आणि खोल करते. तिचं डोकं आणि त्यामागचा भाग मिळून एक चपटी चकती होते. त्या चकतीने ती बिळाचं तोंड झाकणासारखं बंद करून बसते, जबडे वर. जवळून काही चाललं की कमरेतून मागे झेपावते, पकडते, आत ओढते. तिच्या पाठीवर, पोटाच्या पाचव्या खंडावर एक कुबड असतं आणि त्यावर आकडे. ते आकडे बिळाच्या भिंतीत रुतवल्यामुळे मोठं भक्ष्यसुद्धा तिला बाहेर खेचू शकत नाही.

दोनदा कात टाकून ती तिसऱ्या, शेवटच्या अवस्थेत जाते. हे सगळं तिला नदी परत चढायच्या आत उरकावं लागतं. मग पाणी येतं. बीळ बुजतं आणि ती आत, गाळात, बसून राहते. महिनोन्‌महिने. पाणी उतरलं की बीळ पुन्हा उघडते, खाते, कोषात जाते, भुंगेरा होऊन बाहेर येते, जोडी जमवते, आणि वर्षाचं चक्र पुरं.

यात नवल पाण्यापेक्षा उष्णतेचं आहे. थंड प्रदेशातल्या किड्यांच्या अळ्याही पुरात तग धरतात, पण थंडीत शरीराला प्राणवायू लागतोच कमी. ढोबळ हिशेब असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की किड्याची प्राणवायूची गरज दुपटीच्या आसपास जाते. अ‍ॅमेझॉनच्या त्या गाळात बारा महिने तिशीच्या आसपासची ऊब. पाण्याखाली गेलेल्या मातीतला प्राणवायू जिवाणू भराभर संपवतात. म्हणजे गरज सगळ्यात जास्त आणि पुरवठा जवळजवळ शून्य, अशा ठिकाणी ही अळी बसते. मथियास त्सेर्म आणि योआखिम आडिस यांनी नेमकी हीच अळी घेऊन प्रयोग केले. प्राणवायू पूर्ण काढून टाकला तरी ती उबदार तापमानात असाधारण तग धरते, हे त्यांनी 2003 मध्ये दाखवलं. तिच्या शरीरात प्राणवायूविना ऊर्जा तयार होत असल्याचा पुरावा त्यानंतर लगेचच आला. आडिस यांनी या पूरमैदानातल्या किड्यांवर अख्खी कारकीर्द घातली. 2007 मध्ये ते गेले.

हे शास्त्र मला वाचून माहीत होतं. डोळ्यांनी पाहिलं ते असं: पाणी उतरून नुकताच मोकळा झालेला एक पट्टा, वर गाळाची पापुद्र्यासारखी साय, भेगाळायला लागलेली. पहिल्या दिवशी त्यावर काहीच नव्हतं. तीन दिवसांनी गेलो तर त्या सायीत भोकं. स्क्रूड्रायव्हरने पाडावीत तशी गोल, स्वच्छ, काठावर उकरलेल्या ओल्या मातीचे बारीक गोळे टाकलेले. मी गुडघ्यावर बसलो आणि एका भोकावर वाकलो. ते भोक आधी नीट दिसतच नव्हतं, मातीच्याच रंगाचं काहीतरी त्यात बसलं होतं. माझी सावली पडली आणि भोक एकदम काळं झालं. झाकण खाली गेलं होतं. मग हलायचं नाही. पाच-सात मिनिटांनी तळातून काहीतरी हळूहळू वर सरकत आलं, आणि भोक पुन्हा मातीच्या रंगाचं झालं.

बिळातली अळी बघायची रीत सगळ्या जगात सारखीच. गवताची ताठ काडी अलगद आत सोडायची, तळाला टेकेपर्यंत. खाली अळी असेल तर ती काडी ढकलते किंवा चावते, आणि वरचं टोक थरथरतं. गळाला मासा लागल्यासारखं. खणायचं झालं तर काडीच्या अंदाजाने बाजूने खुरप्याने खणत जातात, कारण बीळ एकदा ढासळलं की कुठे होतं ते कळत नाही. पण तुम्ही खणू नका. काडी हलली की तेवढ्यावर समाधान माना.

आता ‘केव्हा’चा बारीक हिशेब, कारण सगळी मेख तिथे आहे. जूनपासून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत दहा मीटर पाणी उतरायचं म्हणजे रोज सरासरी सात सेंटिमीटर. काठ सपाट असेल, शंभर मीटरला एक मीटर असा उतार, तर पाण्याची कड रोज सात मीटर मागे सरकते. याचा अर्थ असा की एक मीटर खाली असलेली जागा दोन आठवडे उशिरा उघडी पडते आणि परतीच्या पाण्यात लवकर बुडते. दोन्हीकडून धरलं तर त्या अळीच्या वाट्याचा जवळजवळ महिना गेला. म्हणून अगदी पाण्याच्या कडेला शोधून उपयोग नाही. तिथे वाढ पुरी करायला वेळच नाही. फार वरही नको, तिथे गवत आणि झुडपं पसरतात. मधला उघडा पट्टा चाला.

हा हिशेब मी शिकलो तो एका फजितीतून. हंगामाच्या शेवटी रात्रीच्या नोंदीसाठी वाळूत प्लॅस्टिकचे पेले पुरून सापळे लावले होते, काठापासून चांगले पंधरा पावलं वर. नदी फिरली होती, म्हणजे पाणी पुन्हा चढू लागलं होतं, हे माहीत होतं, पण एक दिवसाचं काम तीन दिवसांवर गेलं. परत आलो तर पंधरा पावलांची जागा पाण्यात, आणि पेल्यांपैकी दोन दूर तरंगताना दिसले. बोटवाला काही बोलला नाही. त्याने फक्त दुसऱ्या दिवसापासून, मी सापळे लावताना, बांबू रोवून त्यावर पाण्याची खूण करायला सुरुवात केली.

रात्री शोधायचं कसं? अंधार पडल्यावर तास-दीड तासाने निघा. मला तरी चांदण्या रात्रींपेक्षा काळोख्या रात्री जास्त सापडले. कपाळावरच्या बॅटरीने शोधाल तर हजार हिरवट ठिपके चमकतील आणि तुम्ही खूश व्हाल. ते सगळे लांडगा-कोळी. त्यांचे डोळे उजेड परत फेकतात, आपल्या भुंगेऱ्याचे तसे चमकत नाहीत. म्हणून दुसरी बॅटरी हातात घ्या आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर आडवी धरा. फिकट वाळूवर फिकट भुंगेरा दिसत नाही, पण आडव्या उजेडात त्याची सावली लांब पडते. आधी चालणारी सावली दिसते, मग तिच्या टोकाशी तो. दिसला की हात स्थिर ठेवा, उजेड थेट अंगावर टाकू नका.

कॅमेरा असेल तर मॅक्रो आणि मंद केलेला फ्लॅश पुरे. पायात गमबूट. उथळ पाण्यातून चालावं लागलं तर पाय उचलून टाकू नका, तळाला घासत सरकवा. वाळूत अंग पुरून बसलेले पाकट असतात आणि पाय पडला तर शेपटीचा काटा मारतात. लालसर डोळे चमकले तर ती मगरच्या जातीची केमन. लहान असली तरी तिच्या आणि पाण्याच्या मधे उभं राहू नये. याच वाळूत नदीतली मोठी कासवं आणि पाणचिरे पक्षी त्याच महिन्यांत अंडी घालतात. राखलेल्या जागा असतात, तिथे रात्री जायचंच नाही. स्थानिक बोटवाल्याशिवाय निघू नका, आणि त्याला ‘नदी चढती आहे की उतरती’ हा प्रश्न रोज विचारा.

एकही किडा खिशात घालून आणायचा नाही, मेलेलासुद्धा नाही. ब्राझीलमध्ये नमुने गोळा करायला परवाना लागतो, आणि परदेशी माणसाला तिथल्या संस्थेच्या सहकार्याशिवाय तो मिळत नाही. ‘एकच तर आहे’ म्हणून विमानतळावर अडकलेले लोक मला माहीत आहेत.

तुम्ही शेवटी विचारलंय की हा प्राणी धोक्यात आहे का. त्याचा घात पाणी करणार नाही, वेळापत्रक करेल. पाणी दहा मीटर चढलं तरी त्याला चालतं, ठरल्या वेळी चढलं आणि ठरल्या वेळी उतरलं म्हणजे झालं. अ‍ॅमेझॉनला मिळणाऱ्या मादेइरा नदीवर सांतो आंतोनियो आणि जिराऊ ही दोन मोठी धरणं 2012-13 पासून सुरू आहेत. धरणाखाली पाण्याची लय माणसाच्या हातात जाते. आणि 2021 चा महापूर व 2023 चा दुष्काळ यांत फक्त दोन वर्षांचं अंतर होतं. कोरडा हंगाम लांबला तर अळीला खायला वेळ जास्त मिळेल, हे खरं. पण गाळ तापून दगडासारखा झाला तर तिला बीळ उघडता येईल का, हा माझ्या मनातला प्रश्न आहे.

मे-जून बदलणं शक्यच नसेल तर एक करा. बोटवाल्याला सांगा, ‘ऑक्टोबरात जिथे वाळू असते तिथे ने.’ तो बुडालेल्या झाडांच्या शेंड्यांमधून बोट काढेल, एका ठिकाणी इंजिन बंद करेल आणि खाली बोट दाखवेल. लांब काठी असेल तर सोडून बघा, तळ लागतो का ते.